मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नला

७ मे २०१२ च्या संध्याकाळी ईवूड पार्कवर पावसाने झोडपून काढले होते. ब्लॅकबर्न रोव्हर्सचा सामना विगनशी होता आणि हरलो तर प्रीमियर लीगमधून खाली जायचे, हे स्टँडमधल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच मैदानावर एक कोंबडी धावताना दिसली. तिच्या अंगावर रोव्हर्सच्या रंगांचा झेंडा गुंडाळलेला होता. खेळ थांबला, कोंबडीला पकडून बाहेर नेले, काही जण हसले आणि पुष्कळांना हसू आलेच नाही. शेवटच्या काही मिनिटांत विगनच्या आल्काराझने कॉर्नरवर डोक्याने गोल मारला. २००१ पासून सांभाळलेली वरच्या श्रेणीतली जागा रोव्हर्सने त्या रात्री गमावली.

कोंबडीच का, हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रोव्हर्सचे मालक म्हणजे आपले वेंकीज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे आज पुण्यातून चालणारे अवाढव्य घराणे. अंडी रोज खावीत हे दूरदर्शनवरून घरोघर पोहोचवणारी अंडी समन्वय समितीसुद्धा याच राव यांच्या पुढाकारातून उभी राहिली. त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी यांच्या काळात, नोव्हेंबर २०१० मध्ये, या समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय मालकीचा होण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना अभिमानाचे भरते आले. साहेबाच्या खेळाचा साहेबी क्लब पुणेकराच्या खिशात आला होता.

ब्लॅकबर्न आणि आपला संबंध मात्र कोंबडीपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि तो कापसाचा आहे. लँकेशायरमधले हे गाव विणकरांचे. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथल्या मागांवर जे कापड निघे त्यातले केवढे तरी हिंदुस्थानात येई. धोतरे विणणे ही तर ब्लॅकबर्नची खासियतच होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात ज्याला सरसकट ‘मँचेस्टरचे कापड’ म्हणत, त्यातले बरेचसे मुळात ब्लॅकबर्न, बर्नली, डार्वेन अशा आडगावांतले असे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा त्या आगीत कुठल्या तरी ब्लॅकबर्नच्या विणकराची आठवड्याची मजुरीही जळत होती. होळी पेटवणाऱ्यांना ते गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या धावपळीतून वेळ काढून गांधीजी शेजारच्या डार्वेनला गेले. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे असलेले त्यांचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. त्यांच्या बहिष्कारामुळे ज्यांचे माग थंडावले त्याच बायका त्या चित्रात हात उंचावून हसताहेत. त्यानंतर लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणी बंद पडल्यावर गावाचे काय होते, हे गिरणगावातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

गिरण्या गेल्या तरी फुटबॉल राहिला. हा खेळ तिथे आला तोच गिरणीच्या भोंग्याबरोबर. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतरचे काम थांबवले आणि मजुरांच्या हाती अर्धा दिवस आला. तोवर संघटित फुटबॉल ही ईटनसारख्या शाळांतून शिकलेल्या बड्या घरच्या पोरांची मिरासदारी होती. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर ओल्ड ईटोनियन्सना हरवून एफए चषक उत्तरेत आणला. त्या संघात विणकर होते, प्लंबर होता, गिरणीत राबणारी माणसे होती. पुढची तीन वर्षे चषक त्याच गावात राहिला, फक्त आता जिंकणारा संघ रोव्हर्स होता. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्यातले सहा लँकेशायरचे होते आणि ब्लॅकबर्न व बर्नली दोघेही त्यात होते.

या जुन्या फुटबॉलने एक शहाणपण दाखवले होते, त्याचा आता सगळ्यांना विसर पडला आहे. क्लब कंपनी म्हणून नोंदवायला परवानगी होती, पण फुटबॉल असोसिएशनच्या नियमाने, जो पुढे नियम ३४ म्हणून ओळखला गेला, भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती आणि संचालकांना पगार घेण्यास मनाई केली होती. गावातला कुणी कसाई, कुणी गिरणीवाला, कुणी दारूभट्टीवाला अध्यक्ष होई. त्याला मान मिळे, शिव्या मिळत, पैसा मिळत नसे. बर्नलीचा बॉब लॉर्ड हा खाटीक १९५५ पासून पंचवीसेक वर्षे क्लबचा अध्यक्ष होता आणि हुकूमशहासारखा वागे. पण तो गावातच राही, त्याच्या दुकानासमोरून लोकांची ये-जा असे. १९८३ मध्ये टॉटनहॅमने वर एक पालक कंपनी उभारून या नियमाला वळसा घातला आणि शेअर बाजारात उतरले. मग धरणच फुटले. आज जे चालले आहे त्याची सुरुवात अरब शेखांपासून किंवा अमेरिकन फंडांपासून झाली असे सांगतात. माझ्या मते ती लंडनच्या त्या वकिली चलाखीपासून झाली.

ब्लॅकबर्नमध्ये मात्र श्रीमंत मालक आधी देवदूत म्हणून आला. जॅक वॉकर याच गावात जन्मला, भावाबरोबर पोलादाचा धंदा वाढवला आणि १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटींहून अधिक पौंडांना विकला. दोन वर्षांनी त्याने रोव्हर्स ताब्यात घेतला. तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. वॉकरने केनी डॅलग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणले, मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या, ॲलन शिअररला त्या काळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला घेतले. १४ मे १९९५ या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये २-१ हरले, पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि ८१ वर्षांनी विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. एक लाखाच्या आसपास वस्तीचे गाव इंग्लंडचे विजेते ठरले. वॉकर २००० साली वारला. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे आणि तिथे आजही फुले वाहिली जातात.

इतर क्लबांचे पाठीराखे तेव्हा म्हणत की ब्लॅकबर्नने चषक विकत घेतला. ते खोटे नव्हते. वॉकरच्या पैशाने जे झाले तेच पुढे अब्रामोविचने चेल्सीत आणि अबुधाबीच्या शेखांनी मँचेस्टर सिटीत कितीतरी मोठ्या प्रमाणावर केले. फरक एवढाच की वॉकरला जाब विचारावा असे गावात कुणाला वाटले नाही, कारण तो आपला होता आणि जिंकून देत होता. एका माणसाच्या खिशावर अख्खा क्लब उभा करायचा ही रीत त्याच सुवर्णकाळात पडली. त्याच्या पश्चात क्लब जर्सी बेटावरच्या त्याच्या ट्रस्टकडे गेला. ट्रस्टने काही वर्षे पैसे घातले, मग हात आखडता घेतला आणि गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. पुण्याचे गिऱ्हाईक मिळाले ते असे. ज्या दाराने वॉकर आत आला, त्याच दाराने वेंकीज आले.

आल्या आल्या त्यांनी जे केले त्याची आठवण काढताना ब्लॅकबर्नची माणसे अजून कपाळावर हात मारतात. महिनाभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइसला काढले. त्याच्या जागी स्टीव्ह कीन या साहाय्यकाला बसवले. रोनाल्डिन्होला आणणार अशा बातम्या मालकांनी स्वतःच पसरवल्या. वर्षानुवर्षे क्लब चालवणारे अध्यक्ष व कार्यकारी अधिकारी काही महिन्यांत बाहेर पडले आणि सल्ला देण्यासाठी भोवती एजंटांचा गोतावळा जमला. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू चिकन खाताहेत अशी जाहिरात झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये, संघ तळाशी गटांगळ्या खात असताना, सगळ्या खेळाडूंना विमानात घालून पुण्यात आणले आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळवला. त्यानंतर महिनाभरातच कीनला वाढीव करार मिळाला. स्टँडमधून दर आठवड्याला त्याच्या हकालपट्टीच्या घोषणा होत होत्या, सामन्याआधी मोर्चे निघत होते, डिसेंबरमध्ये बोल्टनविरुद्धच्या पराभवाच्या रात्री तर खेळाकडे कुणाचे लक्षच नव्हते.

खाली गेल्यावरचे वर्ष आणखी विचित्र. २०१२-१३ च्या एका हंगामात कीन गेला, मग हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला, मग मायकेल ॲपल्टन आला आणि ६७ दिवसांत गेला. बर्ग भरपाईसाठी न्यायालयात गेला तेव्हा क्लबच्या वतीने असा युक्तिवाद झाला की आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. न्यायालयाने बर्गला साडेबावीस लाख पौंड देवविले. क्लबच्या कारभारात निर्णय कोण घेतो हे क्लबलाच ठाऊक नाही, याची याहून स्पष्ट कबुली दुसरी कुठली असणार? उंटावरून शेळ्या हाकणे आपण ऐकले होते. इथे उंटही आठेक हजार किलोमीटर लांब होता. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथवर घसरण्याची ती पहिलीच घटना.

आता न्यायाने दुसरी बाजू. वेंकीजनी रोव्हर्सला लुटले नाही. उलट दरवर्षीचा तोटा स्वतःच्या पदराने भरून काढत आजवर २० कोटी पौंडांहून अधिक घातले. हे पैसे परत मिळतील अशी आशा त्यांनाही नसावी. तासाभराच्या अंतरावर असलेल्या मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना तो क्लब घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा वाटा क्लबच्याच डोक्यावर टाकला. म्हणजे तिकिटे काढणाऱ्यांनीच मालकाच्या खरेदीचे व्याज भरायचे. तिथले काही पाठीराखे संतापून बाहेर पडले आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा छोटा क्लब काढून बसले. राहिलेल्यांनी २०१० मध्ये लाल मफलर टाकून हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. ते रंग न्यूटन हीथचे, रेल्वे कामगारांच्या मूळ संघाचे. मालकाला विरोध करायचा तर मालकाच्याही आधीच्या काळात जाऊन उभे राहायचे, ही युक्ती मला फार आवडते.

तर एक मालक पैसे काढून नेतो, दुसरा पैसे ओततो आणि लोक दोघांवरही तेवढेच चिडतात. म्हणजे चिडीचे मूळ पैशात नाही. आपल्याकडे एखादे देवस्थान सरकारदरबारी कुठल्याशा घराण्याच्या नावावर असते. कागदोपत्री सगळे त्यांचेच, पण यात्रेच्या दिवशी पालखी कुठल्या वाटेने जायची हे गाव ठरवते. त्या घराण्याने परस्पर वाट बदलली तर गाव कागद बघायला जात नाही. ब्लॅकबर्नकरांची तक्रार त्याच जातीची आहे. मालक मैदानावर येत नाहीत, भेटत नाहीत, पत्रांना उत्तर देत नाहीत, आमच्या गोष्टीचे निर्णय आमच्याशी न बोलता घेतात. वर्षामागून वर्षे राव कुटुंबातले कुणी ईवूडला फिरकलेले नाही. याला कारण आहे, तिथे त्यांच्यावर काय काय बरसेल हे त्यांना माहीत आहे. पण न आल्यामुळेच ते साचत गेले.

या रागात वर्णद्वेष होता का, असा प्रश्न पुण्यात बसून कुणाच्याही मनात येईल. विचारायलाच हवा असा तो प्रश्न आहे. गर्दीच्या तोंडाला कुलूप नसते, तेव्हा कुणी काही घाणेरडे बोललेच नसेल असे मी म्हणणार नाही. पण सगळ्यात कडवट शिव्याशाप ज्याच्या वाट्याला आले तो स्टीव्ह कीन गोरा स्कॉटिश होता. आणि ब्लॅकबर्न स्वतःच आता निम्मेशिम्मे आपल्या बाजूचे आहे. १९५०-६० च्या दशकांत शेवटच्या घटका मोजणाऱ्या गिरण्यांत रात्रपाळी करायला भरूच-सुरतकडचे आणि पाकिस्तानातले मजूर तिथे गेले. आज त्या भागातला दर तिसरा माणूस दक्षिण आशियाई वंशाचा आहे. स्टँडमध्ये त्यांची उपस्थिती त्या मानाने कमी असते, तरी २ मे २०२२ रोजी ईदची नमाज ईवूड पार्कच्या हिरवळीवर पढली गेली. इंग्लंडमधल्या क्लबाच्या मैदानावर असे पहिल्यांदाच घडले. भारतीय मालकांनी जे करायला हवे होते ते क्लबच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी करून दाखवले.

शेजारच्या बर्नलीत अर्थातच हे सगळे मजेत पाहिले जात होते. दोन्ही गावांत वीसेक किलोमीटरचेही अंतर नाही. दोन्हीकडे तीच मिटलेली गिरणी, तीच विटांच्या घरांची रांग, तसाच पाऊस. बाहेरच्याला दोन्ही गावांतला फरक कळणार नाही, म्हणूनच त्यांना एकमेकांचा एवढा तिटकारा. या दोन संघांचा सामना असला की पोलीस पाहुण्या पाठीराख्यांना स्वतंत्रपणे येऊच देत नाहीत. तिकिटाबरोबर बसचीही जागा घ्यायची, बस आपल्या मैदानावरून सुटणार, पोलिसांच्या ताफ्यात महामार्गाने समोरच्या मैदानाच्या दारात थांबणार आणि तशीच परत येणार. वाटेत उतरून चहा प्यायचीसुद्धा सोय नाही. १९७९ नंतर बर्नलीला ब्लॅकबर्नवर विजय मिळाला तो थेट मार्च २०१४ मध्ये, म्हणजे वेंकीजच्या अमदानीत. एप्रिल २०२३ मध्ये तर बर्नलीने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद ईवूडवरच रोव्हर्सला १-० ने हरवून पक्के केले. यापुढे काही सांगायला नको.

पण बर्नलीच्या हसण्यातही घोडे पेंड खाते. २०२० च्या अखेरीस त्यांचा क्लब एका अमेरिकन कंपनीने घेतला तो बराचसा कर्जाच्या जोरावर, आणि त्या कर्जाचा भार क्लबवर आला. ग्लेझरांचीच पद्धत, लहान प्रमाणात. मग दोन्ही गावांतल्या लोकांचा वाद असा रंगतो: तुमचा मालक येत नाही, आमचा तरी येतो, तुमचा तुमच्याच पैशाने तुम्हाला विकत घेतो, आमचा निदान स्वतःचे घालतो. कुणाचा मालक अधिक वाईट याची ही चढाओढ ऐकली की हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. दोघांनाही मालक निवडायचा अधिकार नाही, यावर मात्र दोघे एका शब्दानेही बोलत नाहीत. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असावीत असा दंडक आहे. तिथे तिकिटे स्वस्त आहेत आणि मालकावरून इतके भांडण नाही. इंग्लंडमध्ये या दंडकाची चर्चा नेहमी होते आणि चहा संपल्यावर तीही संपते.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटे पुस्तक लिहिले, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जा किंवा आवाज उठव. बाजाराला पहिली वाट आवडते: साबण वाईट निघाला की दुसरा घ्या. निष्ठा माणसाला निघू देत नाही, म्हणून तो ओरडतो. फुटबॉलइतके या मांडणीला चपखल बसणारे दुसरे उदाहरण मला दिसत नाही. रोव्हर्सचा माणूस कितीही वैतागला तरी बर्नलीचा होणार नाही. त्याला फार तर घरी बसता येते. तसे पुष्कळ जण बसलेही. वेंकीज आले त्या हंगामात ईवूडला सरासरी २५ हजार माणसे येत, सात हंगामांनी ती जवळपास निम्म्यावर आली. आणि यातच पेच आहे. तिकीट काढले नाही तर मालकाचे बिघडत नाही, क्लबचे बिघडते. तिकीट काढले तर मालकाला वाटते सगळे आलबेल आहे. रिकाम्या खुर्च्या पुण्यातून दिसत नाहीत.

ओरडण्याने काही होते का? कधीकधी होते, तेही भलतीकडे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची बंद दाराची सुपर लीग जाहीर केली. सहा इंग्लिश क्लबांचे पाठीराखे एकमेकांचे हाडवैरी, पण सगळे एकाच वेळी रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही क्लबांनी शेपूट घातले. पुढच्याच महिन्यात युनायटेडच्या लोकांनी ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामनाच होऊ दिला नाही. ग्लेझर मात्र आहेत तिथेच आहेत. विंबल्डनच्या लोकांची गोष्ट याहून मोठी. २००२ मध्ये त्यांचा क्लब उचलून दूर मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी नववी श्रेणी गाठून शून्यातून नवा क्लब काढला, ९ वर्षांत तो पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये जुन्या मोहल्ल्यात मैदानही बांधले. पण त्यांनाही आपला पहिला क्लब परत मिळाला नाही.

आता जरा बालेवाडीकडे वळू. २०११ मध्ये रोव्हर्सशी खेळलेला पुणे एफसी हा चांगला क्लब होता, आय-लीगमध्ये वर राहणारा, पोरांना घडवणारा. २०१५ च्या सुमारास त्याच्या मालक उद्योगसमूहाने तो गुंडाळला. त्याच शहरात इंडियन सुपर लीगचा एफसी पुणे सिटी आला, सिनेनट मालकांत होता, आणि २०१९ मध्ये तोही बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. चार-पाच वर्षांत एका शहराचे दोन क्लब नाहीसे झाले. मोजक्या कट्टर चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. मोर्चा नाही, घोषणा नाही, कुणी मैदानावर कोंबडी सोडली नाही. मालकाची वस्तू, मालकाने बंद केली, इतक्या सहज आपण ते घेतले. राव कुटुंबाला ब्लॅकबर्नचा आरडाओरडा कळला नाही त्याचे एक कारण मला इथे दिसते. ज्या शहरात ते राहतात तिथे खेळाचा संघ ही गावाची मिळकत असते हा अनुभवच नाही.

कोलकात्यात तो अनुभव आहे. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे एटीके ही अक्षरे चिकटली, तेव्हा तिथल्या पाठीराख्यांनी ती काढा म्हणून तीन वर्षे भंडावून सोडले. अखेर मार्च २०२३ मध्ये, गोव्यात फातोर्ड्यावर अंतिम सामना जिंकल्याच्या रात्री, मालक संजीव गोयंका यांनी ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. विजयाच्या आनंदात दिलेले ते दान नव्हते, तीन वर्षांच्या तगाद्याची ती वसुली होती.

अलीकडे रोव्हर्सची अडचण वेगळ्याच दिशेने आली. मालक समूहाने भारतातून पाठवलेल्या पैशांबाबत सक्तवसुली संचालनालयाची चौकशी लागली आणि क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी, असा फेरा सुरू झाला. ज्या गावाने एकेकाळी दिल्लीच्या जकातीवर आपले भवितव्य जोखले, त्याच गावचा क्लब नवा खेळाडू घेता येईल की नाही हे बघायला दिल्लीतल्या तारखेकडे डोळे लावून बसला. २०२४ च्या सुरुवातीला ॲडम व्हार्टन विकला गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला हा पोरगा काही महिन्यांतच इंग्लंडच्या युरो संघात होता. मग एका हंगामात २७ लीग गोल मारणारा सॅमी स्मॉडिक्स गेला. २०२५ मध्ये क्लबने महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतले, कारण तिथल्या अटींसाठी लागणारा खर्च करायची तयारी नव्हती. या शेवटच्या निर्णयाने मला कोंबडीच्या जाहिरातीहून जास्त लाज वाटली. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला, आणि मालकाची पात्रता तपासणे व पाठीराख्यांशी सल्लामसलत करणे आता कायद्यात लिहिले गेले. नियम ३४ मोडल्यापासून चार दशकांनी का होईना, पण कायदा पुन्हा मैदानात उतरला.

वेंकीजनी रोव्हर्स विकावा की ठेवावा, हा त्यांचा हिशोब. चांगले गिऱ्हाईक मिळाले तर विकावा असे माझे मत आहे, पण तोवर एक गोष्ट त्यांना बिनखर्चात करता येईल. राव कुटुंबातल्या कुणी तरी एका शनिवारी ईवूड पार्कला जावे. काचेच्या खोलीत बसू नये, स्टँडमध्ये लोकांत बसावे. शिव्या पडतील, नव्वद मिनिटे त्या ऐकाव्यात आणि सामना संपल्यावर पाठीराख्यांच्या प्रतिनिधींशी समोरासमोर बोलावे. पुण्याहून मँचेस्टर एका दिवसाच्या आत गाठता येते.